सही करण्याआधीचं इंग्रजी

२०१३ सालची गोष्ट. मुलगी सहावीत होती, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. पालकसभेला नेहमी हे जायचे. त्या दिवशी त्यांना रजा मिळाली नाही, म्हणून मी गेले. ठेवणीतली साडी नेसून गेले होते. वर्गशिक्षिका बाईंनी वही उघडली आणि हसून म्हणाल्या, ‘शी हार्डली कम्प्लीट्स हर होमवर्क.’

मला त्यातलं ‘हार्ड’ कळलं, ‘कम्प्लीट’ कळलं, ‘होमवर्क’ तर कळतंच. म्हटलं, पोरगी मेहनतीनं गृहपाठ पूर्ण करते असं बाई म्हणताहेत. मी अगदी कृतज्ञतेनं म्हणाले, ‘थँक्यू मॅडम. घरी मीच बसते तिच्याजवळ.’

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मुलगी खाली मान घालून उभी. रस्त्यानं येताना एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर दप्तर टाकलं आणि म्हणाली, ‘आई, पुढच्या वेळी तू येऊ नकोस. बाबांनाच पाठव.’

‘हार्ड’ म्हणजे कष्टानं आणि ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. दोन अक्षरांनी अर्थ असा उलटा फिरतो, हे मला त्या रात्री डिक्शनरीत कळलं. गृहपाठाचं राहिलं बाजूला, माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना.

मैत्रिणींनो, मी काही अडाणी नाही. बी.ए. झालेली आहे. आमच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर आमची शाळा संपली होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आमच्या घरात होती. ‘ॲक्टिव्ह’चं ‘पॅसिव्ह’ मी आजही करून देईन. पण दहा वर्षं इंग्रजी शिकून, समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ एवढं म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं. कळलं नाही की मान डोलवायची आणि ‘येस’ म्हणायचं, एवढंच आपण आपापलं शिकलो.

त्या ‘येस’ची किंमत किती असते, ते मला पुढे २०१९ साली कळलं.

आमच्या बचत गटात एक वहिनी आहेत. सोलापूरकडची कडक भाकरी, शेंगाचटणी करून विकतात. पहाटे चारला उठून चूल पेटवायची, अशी कित्येक वर्षांची मेहनत. त्यातून पन्नास हजार साठवले, मुलीच्या शिक्षणासाठी. मुदत ठेवीत टाकायचे म्हणून बँकेत गेल्या. तिथल्या टेबलावरच्या साहेबांनी सांगितलं, ‘एफडीसारखंच आहे, पण जास्त मिळतील.’ कागद पुढे सरकवले. सात-आठ ठिकाणी फुल्या मारून दिल्या होत्या. वहिनींनी फुली दिसेल तिथं सही केली.

वर्षानं मोबाईलवर मेसेज आला. तो इंग्रजीत. त्यांनी कंपनीची जाहिरात समजून पुसून टाकला. मग आणखी एक आला, तोही पुसला. पुढे बऱ्याच दिवसांनी त्या घरी आलेलं पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. ती मुदत ठेव नव्हतीच. विम्याची पॉलिसी होती. ‘रेग्युलर प्रीमियम’, ‘प्रीमियम पेइंग टर्म’ दहा वर्षं. म्हणजे दरवर्षी पन्नास हजार, असे दहा वेळा भरायचे. दुसरा हप्ता भरला नाही म्हणून पॉलिसी ‘लॅप्स’, म्हणजे बंद पडलेली. एकाच हप्त्यावर बंद पडलेल्या त्या पॉलिसीतून त्यांच्या हाती काही आलं नाही.

पण मला खरा धक्का बसला तो शेवटच्या पानावर. तिथं एक चौकट होती, ‘वर्नाक्युलर डिक्लरेशन’. मराठीत सही करणाऱ्या किंवा अंगठा देणाऱ्या माणसासाठी ही चौकट असते. ‘मी या फॉर्ममधला सगळा मजकूर यांना यांच्या भाषेत समजावून सांगितला आणि यांना तो समजला,’ असं तिथं दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं असतं. वहिनींच्या मराठी सहीखाली तशी कुणाची तरी इंग्रजी सही होती. समजावून मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

वर्नाक्युलर म्हणजे देशी भाषा, म्हणजे आपलीच भाषा. आपल्या हक्कासाठी ठेवलेली चौकट आणि तिचं नावच आपल्याला वाचता येऊ नये!

‘वहिनी, विचारलं का नाहीत तुम्ही?’ मी जरा चिडूनच म्हणाले.

‘अवो ताई, सायेब इंग्लिशमधी बोलत हुते. मागं एवढी रांग. म्हणलं, इचारलं तर म्हणतील, काय येडी बाई हाय.’

मी गप्प झाले. पालकसभेत मी ठेवणीतली साडी नेसून तेच केलं होतं की. माझं नुकसान मनापुरतं झालं, त्यांचं पन्नास हजारांचं. म्हणून माझं मत असं झालं आहे की, आपल्याला इंग्रजी शिकायचं ते मिरवायला नको, सुनेसमोर नको, फाडफाड बोलायलाही नको. सही करण्याआधी थांबता यावं, एवढ्यासाठी शिकायचं.

२०२२ सालापासून आम्ही गटातल्या बायका गुरुवारी दुपारी तीन ते चार समाजमंदिरात बसतो. त्याला क्लास म्हणायला मला संकोच वाटतो, कारण शिकवणारी मीच आणि मलाही पुष्कळ येत नाही. २०१२ साली आलेला ‘इंग्लिश विंग्लिश’ आपल्यापैकी खूप जणींनी पाहिला आहे. लाडू करणारी शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाते आणि चार आठवड्यांच्या क्लासात इंग्रजी शिकते. आपल्या नशिबी न्यूयॉर्क नाही आणि चार आठवडे सलग सवडही नाही. आपल्याकडे आहे तो गुरुवारचा एक तास, तोही दळण आणि नळाचं पाणी सांभाळून.

पहिल्या दिवशी सगळ्या म्हणाल्या, ‘आम्हाला इंग्रजी काहीच येत नाही.’ मी म्हटलं, बरं, सकाळपासून काय काय केलं ते सांगा. एकीनं सुरू केलं. ‘गॅस लावला, कुकर चढवला, मिक्सर काढला, तर लाइट गेली. मग रिक्षानं स्टँडवर गेले, तिकीट काढलं, डॉक्टरकडं नंबर लावला.’ मी फळ्यावर लिहीत गेले. अर्ध्या तासात फळा भरला. सिलिंडर, रेग्युलेटर, ब्लाउज, हुक, फॉल, फिटिंग, रिचार्ज, बॅलन्स, रिपोर्ट. दीडशेच्या वर शब्द झाले. काहीच येत नाही म्हणणाऱ्या बायकांकडे एवढी शिल्लक होती!

त्यात नवल काही नाही. मराठीनं परके शब्द नेहमीच घरात घेतले. चावी, पगार, बटाटा, पाव, काजू हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, आज कोण त्यांना परकं म्हणेल? तेव्हा इंग्रजी शब्द तोंडात आला म्हणून लाजायचं कारण नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं. आपल्या घरात आल्यावर काही शब्दांनी अर्थ बदलला आहे. आपण ‘लाइट गेली’ म्हणतो, इंग्रजीत ‘पॉवर’ जाते. आपण ‘बाटली लावली’ म्हणतो, दवाखान्यात ती ‘सलाइन’ किंवा ‘ड्रिप’ असते. आपण ‘मला शुगर आहे’ म्हणतो, इंग्रजी बोलणाऱ्याला वाटेल बाईच्या पिशवीत साखर आहे. त्याला ‘डायबेटिस’ म्हणावं लागतं. मराठी बोलताना आपलं तेच बरोबर. परगावच्या मोठ्या इस्पितळात गेलं तर दुसरा शब्द माहीत असावा, इतकंच.

दुसऱ्या गुरुवारी मी सांगितलं, प्रत्येकीनं घरातला एक कागद आणायचा, जो आपल्याला वाचता येत नाही. मैत्रिणींनो, हा एक दिवस मी विसरणार नाही. कुणी लाइट बिल आणलं, कुणी पासबुक, कुणी डॉक्टरांची चिठ्ठी, कुणी नवऱ्याच्या कपाटातून हळूच काढलेला कर्जाचा कागद.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधापुढे ‘टीडीएस’ लिहिलं होतं आणि पासबुकातही ‘टीडीएस’ होतं. एकजण म्हणाली, ‘म्हंजे बँक बी गोळ्या देती का?’ सगळ्या हसल्या, पण प्रश्न बरोबर होता. पासबुकातला टीडीएस म्हणजे व्याजातून आधीच कापून घेतलेला कर. चिठ्ठीतला टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. ‘ओडी’ म्हणजे एकदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज पडली तरच. गंमत अशी की ही अक्षरं मुळात इंग्रजी नाहीतच, लॅटिनमधली आहेत. मग ती आपल्याला कळली नाहीत यात आपला कसला आला कमीपणा? पण एका आजींना गरजेपुरती दिलेली ‘एसओएस’ गोळी घरचे रोज तीनदा देत होते, हे त्या दिवशी उघडकीला आलं. एवढी तीन अक्षरं कळली असती, तर त्या गोळ्या पोटात गेल्या नसत्या.

एकीच्या पासबुकावर तिचं आणि नवऱ्याचं नाव होतं. तिचा समज, खातं दोघांचं म्हणजे पैसे कुणीही काढावेत. नवरा दवाखान्यात पडला तेव्हा बँकेनं नाही म्हटलं. खात्यावर लिहिलं होतं ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. म्हणजे पहिलं नाव असलेला हयात आहे तोवर व्यवहार त्यानंच करायचा. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं तर दोघांपैकी कुणालाही पैसे काढता आले असते. सगळा फरक पहिल्या शब्दात आहे. आपलं दोघांचं खातं कुठल्या प्रकारचं आहे, ते आजच पासबुकात बघा.

आणि करोनात, २०२० साली, काय झालं ते आठवतं का? रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणून एका सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली होती. पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं, हेच आजवर भाषणांत ऐकलेलं! दवाखान्यात पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं. आजार शोधत असतील तर आजार सापडला.

म्हणून मी शब्दांच्या याद्या पाठ करायला सांगत नाही. रोज दहा शब्द पाठ करा, महिन्यात तीनशे होतील, हा हिशेब कागदावरच बरा दिसतो. ज्याचं काम पडत नाही तो शब्द वापराविना गंजून जातो. आपल्या कागदावरचा, आपल्या औषधावरचा शब्द मात्र कधी विसरत नाही.

शब्दांनंतर वाक्यं. आम्ही पाचच वाक्यं घोटली. ‘प्लीज से इट स्लोली’, जरा सावकाश सांगा. ‘आय डिड नॉट अंडरस्टँड’, मला कळलं नाही. ‘वॉट इज धिस चार्ज?’ हे कशाचे पैसे? ‘आय विल रीड इट अँड साइन’, मी वाचून सही करीन. आणि ‘कॅन आय हॅव अ कॉपी?’ मला याची प्रत मिळेल का? पाचही वाक्यांत व्याकरणाचं काही अवघड नाही. अवघड आहे ते तोंड उघडणं. पहिल्या दिवशी ‘आय डिड नॉट अंडरस्टँड’ म्हणताना बायका पदर तोंडाला लावत होत्या. आपल्याला कळलं नाही हे मोठ्यानं सांगायची सवयच नाही ना आपल्याला, मराठीतसुद्धा!

बोलण्याची रीतही थोडी वेगळी आहे, ती सांगते. मराठीत आपण ‘जरा फॉर्म द्या ना’ म्हणतो. त्या ‘जरा’ आणि ‘ना’मध्ये सगळी अदब येते. इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवून ‘गिव्ह मी फॉर्म’ म्हटलं तर हुकूम सोडल्यासारखं होतं. तिथं ‘प्लीज’ लागतं. निघताना आपण ‘येते हं’ म्हणतो, ‘जाते’ म्हणणं आपल्याला बरं वाटत नाही. त्याचं ‘आय ॲम कमिंग’ केलं तर घरची माणसं परत चहा टाकून वाट बघत बसतील. आणि ‘हाऊ आर यू?’ला गुडघ्यापासून कंबरेपर्यंत सगळं सांगायचं नसतं. ते आपल्या ‘काय, जेवण झालं का?’सारखं आहे. ‘फाइन, थँक्यू’ म्हणायचं आणि पुढं जायचं.

आता कुणी म्हणेल, या वयात कशाला हे खूळ? आमच्या गटातल्या एकीला घरी हेच ऐकावं लागलं, ‘आता काय मडम व्हायचंय का?’ तिला मी रमाबाई रानड्यांची गोष्ट सांगितली. १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकवलं. घरातल्या बायकांनी किती बोल लावले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. पुस्तक १९१० साली आलं, पण वाचताना आपल्याच माजघरातलं वाटतं. त्याही आधी, १८५४ साली, सावित्रीबाई फुल्यांनी ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. ज्यांना अक्षरापासूनच दूर ठेवलं होतं, त्यांच्या हाती काहीतरी लागावं म्हणून. तेव्हा हे खूळ नवं नाही, आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळचं आहे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्रजी येत नाही हा गुन्हा नाही आणि सगळं ओझं आपणच का उचलायचं? बँकेचे फॉर्म, पैसे भरायच्या चिठ्ठ्या, पासबुकं इंग्रजी, हिंदी आणि त्या त्या राज्याच्या भाषेत असावीत, अशा रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत. मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मग काउंटरवर मराठी फॉर्म मागायला आपली जीभ का अडखळते? मी तर म्हणते, आधी मराठी फॉर्म मागा. नसेल तर ‘समजावून सांगा’ म्हणा. तेही नसेल तर कागद घरी आणा. हल्ली मोबाईलचा कॅमेरा कागदावर धरला की मराठी भाषांतर दिसतं. ते कधीकधी विनोदी असतं, पैशाच्या बाबतीत त्याच्यावर पूर्ण विसंबू नये. पण शंका यायला तेवढं पुरतं.

आणि सही होऊनच गेली असेल तर? विम्यात ‘फ्री लुक’ नावाची मुदत असते. नाव ऐकून वाटतं फुकट बघायचं काहीतरी आहे. प्रत्यक्षात पॉलिसीचा कागद हाती आल्यावर ती नको असेल, तर थोडा खर्च वजा करून पैसे परत मागायची ती सवलत आहे. वहिनींच्या वेळी ती साधारण पंधरा दिवसांची होती, २०२४ पासून तीस दिवसांची झाली आहे. या दोन शब्दांचा अर्थ तेव्हा ठाऊक असता आणि कागद वेळेत उघडला असता, तर वहिनींचे बहुतेक पैसे परत आले असते. फसवणूक झाली असं वाटलं तर ग्राहकांसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे, तिथं मराठीतूनही बोलता येतं.

परवा वहिनी बँकेत गेल्या होत्या. पासबुकात कसलेसे पैसे कापले गेले होते. काउंटरवर पासबुक ठेवलं, बोट ठेवलं आणि घोटलेलं वाक्य म्हटलं, ‘वॉट इज धिस चार्ज?’ मागं रांग होतीच. तिथली मुलगी चमकली आणि लगेच म्हणाली, ‘काकू, ते एसएमएसचे पैसे आहेत.’ चक्क मराठीत!

वहिनी माझ्याकडे येऊन सांगत होत्या, ‘ताई, तिला मराठी येतंय की चांगलं. मग आदी काऊन बोलत न्हवती?’

याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण वहिनी आता सही करण्याआधी थांबतात, हे मी पाहते आहे. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात तिनं घरभाड्याचा करार मला मोबाईलवर पाठवला आणि म्हणाली, ‘आई, सही करायच्या आधी एकदा वाच ना.’ मी तीन संध्याकाळी बसून, डिक्शनरी घेऊन वाचला आणि दोन ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या.

तुम्हीही आज रात्री ओटा आवरून झाला की कपाटातला एक कागद काढा. फक्त एक. त्यातला कुठला शब्द कळत नाही, ते वहीत लिहा आणि उद्या कुणाला तरी विचारा.